शेंदराखालचा बोल्ट

"हॅलो?… हॅलो! कोन?… अवो, मोठ्यानं बोला की! गिरण चालू हाय हितं… आण्णा, जरा बंद करा वो!"

आण्णांच्या पिठाच्या गिरणीतला फोन म्हणजे सगळ्या गल्लीचाच फोन. आत्ता तो बायडाबाईच्या हातात होता आणि पलीकडून तिचा नवरा गुंडू बोलत होता, गगनबावड्याच्या वाटेवरच्या दगडखाणीतून. तिथं तो चेनवर चालणारा जुना लोडर चालवायचा. खाणीतून आजवर कधी फोन आला नव्हता, त्यामुळं बायडाबाईचा जीव आधीच टांगणीला लागला होता.

"तुमी बरं हाईसा न्हवं?… हातपाय?… मग झालं तर. आता सांगा… इंजन? व्हय, आज काढणार हुता की दुरुस्तीला… साखळीनं पुढनं उचललं, मागनं उठंना?… मग ऱ्हायला असंल एखादा बोल्ट! मीरासाब मिस्त्रीला म्हनावं, नीट बघ… सगळं काढलं? मग अडलंय कुठं?… आँ? माज्या शेंदराखाली?"

एका पावसाळ्यात लोडरवर दरड कोसळली होती आणि गुंडू तिच्याखालून जिता निघाला होता. बायडाबाईनं नवस फेडला तो थेट इंजिनावरच. तेव्हापासून दर दसऱ्याला खाणीवर जाऊन ती त्याच्या बगलेला तेल-शेंदूर लावायची. थरावर थर चढून तिथं लिंबाएवढा देव झाला होता, आणि त्याच्या पाया पडल्याशिवाय गुंडू इंजिन चालू करत नसे.

"मिस्त्री हात लावंना?… त्यो बी भ्याला? आनि तुमी?… अवो, ऐका की… ऐका… तिथं देव हाय म्हनून न्हाय लावला वो मी! तिथवर माजा हात पोचत हुता, म्हनून लावला… व्हय, खरंच! खाली बोल्ट हाय का काय हाय, मला काय ठावं?… हंबीरराव काय म्हनत्यात?… साखळी तशीच वढा? अजाबात न्हाय! मालक असले म्हनून काय झालं! बोल्टात अडकलेला इंजनाचा पाय मोडला तर लोडर भंगारात जाईल, मग तुमी बसणार कुठं? माज्या डोक्यावर?… मग घ्या छिन्नी आनि खरवडा… का न्हाय?…"

गुंडू कारण सांगत गेला. मग तिचा आवाज एकदम उतरला.

"असं कसं म्हनता?… तुमचा जीव त्या गोळ्यात न्हाय वो. नवस मी देवाला बोललो हुतो, इंजनाला न्हाय… रडताय व्हय?… बरं. बरं, ऱ्हाऊ द्या. कुनी हात लावू नगा. आता यष्टी हाय, मी येतो. मी लावलाय, मीच काढतो… व्हय, माज्या हातानं. पन तवर त्या लोंबत्या इंजनाजवळ कुनी जायाचं न्हाय… मिस्त्रीबी न्हाय, मालकबी न्हाय… आनि तुमी तर न्हायच. लांब उभं ऱ्हावा… अजून लांब."

आणि तिनं फोन ठेवला.