आईची पंच्याहत्तरी आणि रिचर्ड अंकलची लेन्स

…आणि वर मलाच विचारतात, "देवदत्त, कॅमेरा एवढा नवाकोरा घेतलास, मग त्याच्या तोंडाला हे काय भंगार लावलंयस?" भंगार! तुम्हाला सांगतो, लेन्स आहे ती, रशियन, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, हातात घेतली की मनगटाला कळतं, काहीतरी घेतलंय! मढच्या रिचर्ड अंकलनी दिली मला. जन्मभर लग्नांचे फोटो काढले त्यांनी, मग डोळे अधू झाले, तर म्हणाले, "तू घेऊन जा रे मॅन, माझी पोरं हिच्यात पेनं ठेवतील." घेतली. आता जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला बसते का? नाही बसत. मध्ये अ‍ॅडॅप्टर लागतो. अ‍ॅडॅप्टर म्हणजे काय, तर एक धातूची बांगडी. आत काच नाही, वायर नाही, काही म्हणजे काही नाही! त्यामुळे होतं काय, आपल्या तोंडावर कोणी बसलंय हे कॅमेऱ्याला कळतच नाही. पहिल्या दिवशी खटका दाबतो तर पडद्यावर येतं, 'लेन्स लावलेली नाही.' अरे लावलीय ना बाबा, पाव किलोची लावलीय! दोन तास सेटिंगमध्ये डोकं घातलं तेव्हा कुठे प्रश्न सापडला, लेन्स नसली तरी फोटो काढू द्यायचा का? म्हटलं, द्या हो द्या, उपकार होतील. मग राहिला फोकस. तो कॅमेरा करत नाही, तो आपला आपण करायचा. कसा? फिरवा रिंग!

मृणालिनी, म्हणजे आमची बायको, म्हणते, "अरे, मोबाईल वर केला की फोटो निघतो. तुझं आपलं नळ दुरुस्त केल्यासारखं." आता हिला काय सांगू? ती रिंग फिरवताना समोरचं धुरकट धुरकट असतं, मग हळूच एक पान उजळतं, मग त्याच्या मागचं… अहो, नाहूरच्या आमच्या गॅलरीतली ती मरतुकडी कढीपत्त्याची कुंडी, तिच्यासमोर मी रविवारचे तीन-तीन तास बसलोय! सुख आहे हो.

पण विषय आईचा होता. आमच्या घरात आईचा एक धड फोटो नाही. एक नाही! एरवी बाई दिवसभर हसते, सगळ्या बिल्डिंगच्या नकला करते, आणि कॅमेरा दिसला रे दिसला की मान ताठ, ओठ बंद, डोळे रेशनकार्डावर असतात तसे. मोबाईल, पासपोर्ट, भाचीचं लग्न, सगळीकडे तोच चेहरा. त्यात यंदा आईची पंच्याहत्तरी आली. खरं सांगतो, मला जरा धास्तीच वाटायला लागली. पुढे आमच्या पोरांच्या पोरांनी आजीला ओळखायचं कशावरून? त्या रेशनकार्डवाल्या बाईवरून? म्हटलं नाही, या वेळी आई आईसारखी दिसली पाहिजे, आणि रिचर्ड अंकलच्या लेन्समधूनच दिसली पाहिजे.

आदल्या दिवशी लेन्स काढली, तर रिंग घट्ट! आतलं ग्रीस सुकलेलं, जुनी वस्तू, व्हायचंच. दुरुस्तीवाल्याला फोन करायला म्हणून आत गेलो. पाच मिनिटं हो, फक्त पाच मिनिटं! बाहेर येतो तर आई शांतपणे लेन्स पदराने पुसतेय. "अरे, किती घट्ट झालं होतं हे! शिलाई मशीनचं तेल सोडलं चार थेंब. बघ आता कसं फिरतं!"

चार थेंब!

आमच्या आईचा या तेलावर फार विश्वास. कुलूप घट्ट, तेल. खिडकीची कडी घट्ट, तेल. एकदा हार्मोनियममध्येसुद्धा सोडलं होतं. तर ते तेल गेलं लेन्सच्या आत. उजेड कमी-जास्त करणाऱ्या पात्या असतात ना, त्या चिकटून सताड उघड्या राहिल्या. म्हणजे फोकसला जागा उरली बोटभर. नाकाच्या शेंड्यावर लावला की कान गायब! आणि रिंग? नुसता श्वास सोडला तरी सरकते! पण आईचं तोंड असं फुललेलं, की तिला बोलणार काय? "छान झालं हो," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी औक्षण. ताटात कणकेचे पंच्याहत्तर दिवे, मृणालिनी ताट धरून उभी, पाहुणे मोबाईल धरून उभे, आणि पाटावर आई, तोच चेहरा घेऊन बसलेली! मी म्हटलं, "एक मिनिट." फिरवा रिंग! डोळ्यावर आला… गेला. आता कानातल्या कुडीवर. पुन्हा फिरवा रिंग! आता मागच्या कॅलेंडरवर, तारीख अगदी स्पष्ट! मृणालिनी दातओठ खात म्हणतेय, "देवदत्त, माझे हात भाजतायत." लेक गंधाली म्हणतेय, "बाबा, मी काढते ना फोनवर!" मी म्हटलं, "हलू नका कोणी!" हलतंय कोण? माझीच रिंग हलतेय! चार मिनिटं झाली. दिवे एकेक करून मान टाकायला लागले. आणि आईचा तो पासपोर्टवाला चेहरा… चार मिनिटं कोणाला धरवेल हो? सुटला तो!

"अरे मेल्या," आई म्हणते, "बसले तेव्हा पंच्याहत्तर होते, आता साठच उरलेत. थांब अजून, माझं लग्नाचं वय येऊ दे!"

आणि स्वतःच्याच विनोदावर अशी हसली, अशी हसली की माझं बोट दचकून खटक्यावर पडलं.

बघतो तर काय, फोकस ताटातल्या पुढच्या दिव्यावर! वात एकदम कडक, धागान् धागा मोजून घ्या. मागे आई धुरकट. तेलाने सगळीकडे पसरलेला उजेड आणि त्यात तोंड उघडं टाकून हसणारी आमची आई. वाट लागली म्हटलं. पुसून टाकणार, इतक्यात गंधालीने कॅमेरा ओढला आणि फोटो डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "बाबा… ही आजी आहे." मी पुन्हा बघितलं. होती हो. अगदी तीच होती!

मोठा करून आणला, फ्रेम केला. आईने चष्मा लावला, फोटो लांब धरला, जवळ धरला. म्हणाली, "मी हसताना बरी दिसते की रे! हे बघ, मी गेले की हाच लावायचा. आणि हार बारीक आणा, दात झाकले नाही पाहिजेत."

मी म्हटलं, "आई, काहीतरीच काय बोलतेस! अजून तुझ्या शंभरीचा फोटो काढायचाय मला."

तर शांतपणे म्हणते, "मग आत्तापासून रिंग फिरवायला बस. तोवर लागेल फोकस."

…बसलोय.