जोसची करडी खार

विनी : ...ये, पण ती पिशवी बाहेरच ठेव. बंदूक आहे ना तिच्यात? माझ्या स्वयंपाकघरात नको.

गार्थ : छर्‍याची आहे, काकू. भरलेलीही नाही.

विनी : असू दे. आमच्याकडे खार येते, हे शेजारच्या थेल्माने सांगितलं ना तुला? तिला दुसरा उद्योगच नाही.

गार्थ : त्यांचं राहू द्या. मागच्या महिन्यात मी घरोघर विचारत आलो होतो, करडी खार दिसली का म्हणून. तुम्ही नाही म्हणालात.

विनी : म्हणाले. पुन्हाही म्हणेन. शाळेत जेवण वाढताना तुझ्या पुडिंगवर कस्टर्डचा डाव दोनदा रिकामा करायची मी, गार्थ रेल्फ! तांबड्या खारींचा राखणदार झालास तेव्हा सगळ्या दरीला सांगत फिरले. आणि तू माझ्याच दारात बंदूक घेऊन उभा.

गार्थ : जोसकाका कुठे आहेत?

विनी : कुठे असणार? मागच्या खिडकीशी. हळू बोल. अर्धांगाच्या झटक्याने जीभ जड झालीय त्याची, कान शाबूत आहेत.

गार्थ : काकू, आज सकाळी चर्चमागच्या झाडीत तांबडी खार सापडली. जिवंत होती. डोळ्यांवर खपल्या, ओठांवर खपल्या. पंजे इतके सुजलेले, की दाणा धरता येईना. धरायची, तो पडायचा. दिसत नव्हतं, तरी वाकून चाचपत राहायची.

विनी : मग?

गार्थ : मग काय. मीच सोडवली तिला. त्यांना जपायला म्हणून ही नोकरी धरली मी. तांबडीवर बंदूक आज पहिल्यांदा उचलली.

विनी : अरे देवा. बस. उभा नको राहूस, बस इथे.

गार्थ : या आठवड्यातली ती तिसरी. करडीला त्या खपल्यांच्या रोगाचं काहीच होत नाही. ती खाऊन-पिऊन टुणटुणीत, आणि रोग वाटत फिरते. दाण्यांवर ती येऊन गेली, की मागून तांबड्या येतात.

विनी : म्हणजे माझे दाणे.

गार्थ : तसं नाही म्हणालो मी.

विनी : म्हणालास. म्हण. पण आता माझंही ऐक. जोसला इस्पितळातून आणला तेव्हा त्याचा उजवा हात असा, मुठीत आवळलेला. या दरीतल्या निम्म्या दगडी भिंती त्या हाताने रचल्यात. व्यायाम शिकवणारी मुलगी यायची, एकेक बोट सोडवायची. तिची गाडी वळली की पुन्हा मूठ. मग एक दिवस ही बया खिडकीच्या कट्ट्यावर येऊन बसली. त्याच्या मुठीत शेंगदाणा होता. त्याने मूठ उघडली, गार्थ. आपण होऊन. मी पिठाच्या हातांनी तिथे उभी राहून रडले.

गार्थ : मला माहीत नव्हतं.

विनी : कसं असेल? सापळा लाव ना. धर, आणि डोंगरापलीकडे सोडून ये.

गार्थ : पलीकडेही तांबड्या आहेत. शिवाय धरलेली करडी सोडायला बंदी आहे.

विनी : आणि हिलाच रोग आहे कशावरून?

गार्थ : खोटं नाही बोलणार. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. आणि ते ती मेल्यावरच.

विनी : म्हणजे नसेलही.

गार्थ : नसेलही.

विनी : आणि तरीही?

गार्थ : सार्‍या इंग्लंडातून तांबड्या गेल्या, काकू. आपल्याकडे या कोपर्‍यात मूठभर राहिल्यात. मी थांबू कशाच्या जोरावर?

विनी : आवाज किती होतो?

गार्थ : नळीला आवाज दाबणारं नळकांडं आहे. कुणी जाड पुस्तक मिटावं, तेवढा. काकांना कळणारही नाही.

विनी : डोळे आहेत ना त्याला! मी त्याला पुढच्या खोलीत नेते. रेडिओ लावते. उद्या विचारलं तर सांगेन, आज आली नाही. परवाही तेच सांगेन. मग विसरेल हळूहळू.

जोस : ना... ही.

विनी : जोस! तू इथवर कसा आलास? काठी कुठे तुझी?

जोस : नाही... विसरणार.

विनी : बस आधी. गार्थ, धर त्याला.

गार्थ : काका, तुम्ही सगळं ऐकलंत?

जोस : तांबडी... डोळे.

गार्थ : हो. बंद झाले होते.

जोस : तू... कुठून?

गार्थ : कुठून म्हणजे?

विनी : कुठून मारणार, म्हणतोय.

गार्थ : कोळशाच्या खोपीतून. समोर मातीचा चढ आहे, छर्रा तिथे जिरेल. फक्त ती एका जागी बसायला हवी. हलली तर नुसती जखमी व्हायची, आणि तशी ती झाडीत जाऊन मरावी, असं मला नकोय. लागतील काही दिवस.

जोस : मी... बोलावतो.

विनी : नाही. हे नाही, जोस. हे तू करायचं नाहीस.

जोस : टक... टक. येते.

विनी : अरे, तुझ्या भरवशावर येते ती!

जोस : म्हणून.

गार्थ : काका, खरंच गरज नाही. मी बसेन की वाट बघत.

जोस : एकदाच. दुखू... नये.

गार्थ : काकू, तुम्ही सांगा. नको म्हणालात तर आज परत जातो.

विनी : आणि उद्या येशील. जा. खोपीचं दार उचलून ढकल, नाहीतर कुरकुरतं. दाणे मी चढाजवळच्या ओंडक्यावर ठेवते. कट्ट्यावर नाही, जोस. आज हातातून नाही द्यायचं. कळलं?

जोस : हो.

(मागची खोली. खिडकीच्या काचेवर बोटाची टकटक.)

विनी : नाहीच येणार. वारा बघ किती सुटलाय.

जोस : थांब.

विनी : वार्‍यात ती बाहेर पडतच नाही, तुलाही माहितीये...

जोस : आली.

विनी : मी नाही बघणार. काय करतेय?

जोस : बसली.

विनी : खातेय?

जोस : नाही. बघते. इकडे.

विनी : जोस, तोंड फिरव. माझ्याकडे बघ. बघ ना रे माझ्याकडे.

जोस : नाही. खा. खा, बाई.

विनी : खातेय का?

जोस : खाते.

विनी : जोस?

जोस : झालं.

विनी : मला काहीच ऐकू आलं नाही.

जोस : मला... आलं.

विनी : हात दे तुझा. दे इकडे. गार झालायस किती.

गार्थ : (आत येऊन) काका... जागच्या जागी गेली. तिला काही कळलंसुद्धा नाही. बरं, निघतो मी. काकू, चहा नको.

विनी : मी विचारलाच नव्हता. बस. ठेवते पाणी.

गार्थ : ती तपासायला पाठवावी लागते. आठवडाभर लागेल. निकाल आला की फोन करतो.

विनी : नको करूस. रोग निघाला तर दाणे मी टाकले होते. नाही निघाला तर काय, ते तोंडाने बोलायलाही नको. आम्हाला काहीच कळवू नकोस.

गार्थ : बरं.

जोस : कर.

विनी : जोस, कशाला...

जोस : कर फोन. मी... उचलेन.