तान्ह्या ताऱ्यांचा ताव

तेलगावला दूध सोसायटीच्या रांगेत माझ्या पुढं दोघी उभ्या होत्या. दुष्काळामुळं दोघींच्याही किटल्या अर्ध्याच होत्या.

"साखराबाई, तुमची पोरगी पुण्याला काय शिकती?"

"तान्हे तारे असत्यात म्हणं. त्यांच्यातून वारं सुटतं. ते किती तापलंय, ते मोजती."

"एवढ्या वर कोण जातंय मोजायला?"

"आमचे मालकबी हेच म्हणले, भिवराबाई. लबाडी हाय, पुढं शिकायचं न्हाई."

"मग?"

"पोरगी म्हणली, आबा, तुमी जल्मभर गूळ शिजवला. कढईत हात घालून ताव बघितला का कधी?"

"हात कशाला घालतील? फेसाच्या रंगावरनं कळतो की."

"तीबी तसंच बघती. ताऱ्याच्या उजेडातले रंग येगळे करून."

"मालक काय म्हणले?"

"उठून गुऱ्हाळात जाऊन आले. आवंदा ऊस न्हाई, गुऱ्हाळ बंद, कढई पालथी पडलीय. मग म्हणले, जा."

"बरं झालं."

"काल स्वतःहून फोन लावला तिला. म्हणले, फेस पिवळा पडू दे, मगच उतरव. घाई करू नगं."