शून्य कुणी लिहिलं

पेन ठेवा ते खाली, मॅडम — तुमच्या पालिकेच्या फॉर्मात आकडा मी घालणार नाही. ‘निरोगी मातीसाठी वर्षाला किती पैसे द्याल?’ — हा काय प्रश्न झाला? उद्या विचाराल, आईला दुधाचे किती देता म्हणून. मी प्लंबर आहे, तीस वर्षं खड्डे खणतोय, पाणी कुठं जातं ते मला विचारा. आमच्या मागची ही मोकळी जागा — हातभर खणलं तरी गांडुळं लागतात, कितीही पाऊस पडो, सगळा गटागटा पिते. फरशी पिते का? फरशी पाणी आणून सोडते थेट उंबऱ्यावर.

मला कसं माहीत? अहो, माझ्या ताईच्या गल्लीत झालं ना. गेल्या वर्षी तिथं हाच फॉर्म आला, बहुतेकांनी शून्य लिहिलं. का? — रागानं. माती आमच्या पायाखालची, तिचे पैसे तुम्हाला कशाला? पण तुमच्या ऑफिसनं अर्थ काय काढला — लोकांना मातीची किंमत नाही. झालं, ठोकल्या फरश्या, केलं पार्किंग. त्या पावसाळ्यात ताईच्या घरात गुडघाभर पाणी. भिंती अजून ओल्या आहेत, म्हणून ती इथं राहते — हळू बोला, आत भांडी घासतेय. रोज म्हणते, कुठल्या करंट्यांनी शून्यं लिहिली असतील रे — आणि मी नुसती मान हलवतो. काय सांगणार? ती बाजारात गेलेली, मी तिचा नळ बसवत होतो, हात ओले, तुमचा माणूस दारात घाई करतोय —

हो. तिच्या नावापुढचं शून्य माझं. बघताय काय अशा?

आकड्याशिवाय दुसरं काही लिहायला रकाना नाही म्हणता? मग फॉर्मच्या मागं लिहा — ‘ही जागा आहे तशी राहू द्या. पैसे देणार नाही, पण फरश्या घेऊन आलात तर आडवा पडेन.’ कोरं नाही सोडायचं, कोऱ्याचं तुम्ही पुन्हा शून्यच कराल. आणि नाव माझं घाला, पूर्ण, या खेपेला माझंच.

लिहिलंत? आता उठा. चहाचं राहू द्या. आतली भांडी वाजायची थांबलीत — तिनं किती ऐकलं कोण जाणे, उरलेलं मला स्वतःच्या तोंडानं सांगायचंय. जाताना दार ओढून घ्या.