पांढऱ्या कोटाच्या उजव्या बाहीबाबत

नाव व पत्ता मंगळवारच्या तक्रारीत आहे तोच. वय ६८. व्यवसाय: शाळेतली नोकरी संपली, आता घरीच. राहणार विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर, दुसरा मजला, लिफ्ट नाही.

मी आज शुक्रवारी सकाळी दहा वाजता आपणहून ठाण्यात हजर राहून समक्ष सांगते की, माझ्या दिवंगत पतींचा प्रयोगशाळेतला कोट चोरीला गेल्याची तक्रार मी दिली होती. ती खोटी आहे. कोट मी माझ्या हाताने दिला.

माझे पती विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवत. परदेशातल्या एका विद्यापीठाबरोबर मिळून त्यांनी एक पदार्थ तयार केला होता. तो कार्बनचा असून धातूसारखी वीज वाहून नेतो. चार वर्षांपूर्वी ते वारले. पुढे दोन्हीकडचे नमुने संपले, आणि नव्याने केलेल्या पदार्थाचे स्फटिक काही होईनात. नुसता डिंकासारखा चिकटा राही. हे काम घेऊन तिकडची एक संशोधक मुलगी सहा महिन्यांच्या देवाणघेवाणीवर इथे आली. उद्या तिचे परतीचे विमान आहे.

रविवारी दुपारी ती माझ्याकडे आली. तिला आपली भाषा बेताची येते, पण बोलताना बिचकत नाही. म्हणाली, "काकू, सरांचा कोट आहे? न धुतलेला?" मी म्हटले, "लोक गेलेल्या माणसाचा फोटो मागतात, तू मळका कोट मागतेस." तिने समजावले, की जुन्या स्फटिकाचा डोळ्यांना न दिसणारा एक कण मिळाला, तरी नवे त्याच्या वळणाने जमतात. म्हणजे ढवळ्याशेजारी पवळ्या बांधण्यातला प्रकार. माझे पती प्रयोगातला चमचा कोटाच्या उजव्या बाहीला पुसत. त्यावरून आमचे एकतीस वर्षे वाजत होते. ही खोड परदेशापर्यंत माहीत होती, हे मला त्या दिवशी कळले.

कोट चार वर्षे कपाटात होता. धुतला नव्हता, कारण त्याला त्यांचा वास होता. हे मी तिला सांगितले नाही. तिने एक छापील कागद काढला. या दोन विद्यापीठांत टाचणी जरी इकडची तिकडे गेली तरी असा कागद भरतात म्हणे. बाही द्रावणाने धुतली जाईल, असे त्यावर होते. ते तिने मला दोनदा वाचून दाखवले. मी सही केली.

मंगळवारी मी कोट आणायला गेले. तो प्रयोगशाळेच्या खिडकीत ओला लटकत होता. नाकाशी धरला तर नुसते स्पिरिट. धुतली बाहीच होती, पण वास सगळ्या कोटाचा गेला. मुलगी बाटली दाखवायला धावत आली, "काकू, झाले, झाले!" मी बाटलीकडे पाहिले नाही. कोट तिथेच सोडून तडक ठाण्यात आले. अंमलदारांनी विचारले, काय चोरीला गेले. माझे काहीतरी गेले होते हे खरे, पण ते तक्रारीत लिहिण्यासारखे नव्हते. म्हणून कोट सांगितला.

त्यावरून मुलीचा पासपोर्ट जमा झाला, दोन दिवस चौकशी झाली, आणि कोट मुद्देमाल म्हणून सील झाला. काल विद्यापीठातले विभागप्रमुख घरी येऊन म्हणाले, "बाई, त्या पोरीच्या नावाला कायमचा बट्टा लागेल." मी विचारले, माझ्या सहीचा कागद तिने दाखवला नाही का. ते म्हणाले, "कुठला कागद?"

काल संध्याकाळी मी तिच्या खोलीवर गेले. कागद तिच्या बॅगेतच होता, प्लास्टिकच्या पाकिटात, घडीही न मोडलेला. मी म्हटले, "अगं वेडे, हा दाखवला असतास तर तेव्हाच सुटली असतीस ना?" ती म्हणाली, "मग तुम्ही खोट्या ठरला असता, काकू." मला माझी लाज वाटली. मग तिने बाटली दाखवली. आत फिकट पिवळे, बारीक काड्यांसारखे स्फटिक होते. मी विचारले, "यातला सरांचा कोणता?" ती म्हणाली, "पहिला. पण आता तो वेगळा काढता येत नाही." मी म्हटले, असू दे.

सदर कागद आज हजर करीत आहे. मुलीचा काही दोष नाही. खोट्या तक्रारीबद्दल जी कारवाई होईल ती माझ्यावर व्हावी. तिचा पासपोर्ट आजच द्यावा. कोट मला मिळावा, घाई नाही.

हा जबाब अंमलदारांनी मला वाचून दाखवला. नंतर मुलीलाही कळावा म्हणून, माझ्या विनंतीवरून, पुन्हा सावकाश वाचला. दुसऱ्या वेळी ती समोरच्या बाकावरून उठली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मजकूर मी सांगितला तसाच आहे.