उजवा गाल

सोलापुरात स्किनच्या डॉक्टरांकडं नंबर लावून बसलो होतो. समोरच्या बाकावर दोघी बहिणी. धाकटीचा उजवा गाल तेवढा लालभडक.

“मीना, त्या बाटलीनं रूप आलं की गं! पन एकाच बाजूला.”

“आक्का, थट्टा नगं. व्हिटॅमिन सीचं सीरम हाय. त्यातलं अँटिऑक्सिडंट लाली कमी करतंय म्हनं.”

“व्हय की. डाव्या गालाला बरोबर समजलंय. उजवा जरा अडाणी दिसतोय.”

“दोन्हीकडं सारखंच लावते मी.”

“आनि कारखान्यात दिवसभर टॉवेल कंच्या गालावर घासून बघतीस?”

“उजव्याच. मऊ हाय का न्हाय, ते बघायलाच ठेवलंय मला.”

“वा! टॉवेल खरबरीत निघाला तर माघारी, आनि गाल खरबरीत झाला तर सीरम!”

“मग काय, काम सोडू?”

“सोडू नगं. हातानं बघ की. दोन हायती.”

“हाताला काय कळतंय आता? मागावर तुटलेलं सूत गाठून गाठून बोटं कवाच बधिर झाल्यात.”

आक्कानं तिची बोटं हातात घेऊन दाबून बघितली.

“मग घास अजून. गालालाबी कळायचं बंद झालं, की सीरम लागायचं न्हाय.”