नोंद ठेवणारा एडिटर

सॉफ्टवेअरच्या स्पीडचं एवढं कौतुक चाललंय, म्हणून नेरे गावच्या काकांचं सांगतो. आम्ही बनवलेल्या मराठी एडिटरवर ते गावातल्या जुन्या शब्दांचा कोश टाइप करतात. एडिटर सारखा बंद पडायचा आणि लिहिलेलं उडून जायचं. कारण सापडावं म्हणून मी त्यांना प्रत्येक पायरीची नोंद ठेवणारं व्हर्जन टाकून दिलं. त्या नोंदींपायी अक्षर उमटायलाही वेळ लागायचा. आठवड्याने शिव्या खायच्या तयारीनेच फोन केला.

“काका, बंद पडला तेव्हाची नोंद पाठवा.”

“बंद पडलाच नाय.”

“मग आधीचं परत टाकू? हे फारच हळू चालतं.”

“नको रे. हळू चालतो, पन पडत नाय. गुडघा बदलल्यापासून मी पन तसाच चालतो.”